सोमवारी लेणी बंद असतात

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला की मुंबईच्या आसपास राहणाऱ्या माणसाला एक फोन येतो. माझ्याकडे तो सांगलीहून येतो. "दादा, अडीच दिवस आहेत बघ. शनवारी सकाळी कल्याणला उतरतो, सोमवारी रात्रीच्या महालक्ष्मीनं परत. पोरांना सगळी मुंबई दाखव की."

आता मी राहतो डोंबिवलीत आणि नोकरी करतो फोर्टात. माझी मुंबई साधारण पन्नास किलोमीटर लांब आणि लोकलच्या एका डब्याइतकी रुंद आहे. घारापुरीला मी शाळेत असताना गेलो होतो. म्युझियमवरून रोज जातो, पण जेवणाच्या सुट्टीत, आणि डबा खायचा असतो. मुंबईतले लोक आम्हाला 'लांबून येणारे' म्हणतात. सांगलीकरांच्या दृष्टीनं मात्र डोंबिवली गेटवेच्या मागच्या गल्लीतच आहे, त्यामुळे मुंबई दाखवण्याचा मान आणि जबाबदारी दोन्ही माझ्याकडे.

अडीचच दिवस का, तर थोरली भाची अकरावीत आहे आणि तिचा क्लास मंगळवारी सुरू होतो. धाकटा नववीत. हल्ली मुलं लहान असतात तोवर त्यांना 'मोठेपणी काही आठवणार नाही' म्हणून फिरवत नाहीत, आणि आठवण राहायच्या वयाची झाली की दहावी येते. मग बारावी, मग प्रवेश परीक्षा, मग बेंगळुरू. नववीतली दिवाळी हीच काय ती मधली फट. शिवाय हे वय कुठल्याच रकान्यात बसत नाही. रेल्वेच्या लेखी बारा वर्षं झाली की माणूस पूर्ण तिकिटाचा, घरच्यांच्या लेखी लग्न होईपर्यंत अर्ध्या. तिकिटाच्या खिडकीशी बापाला वाटतं, पोरगं अकरा वर्षांचं दिसावं. पोराला वाटतं, आपण अठराचे दिसतोय.

नियोजनासाठी व्हॉट्सॲपवर ग्रुप निघाला. दाजींनी त्यावर गुलाबाचं फूल टाकलं. थोरलीनं ग्रुप लगेच म्यूट केला. मग ज्यानं-त्यानं आपापली यादी टाकली.

दाजींची यादी त्यांच्या शाळेच्या सहलीची निघाली. राणीची बाग, तारापोरवाला मत्स्यालय, हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट आणि विमानतळाच्या भिंतीबाहेर थांबून विमान. मत्स्यालय १९५१ सालचं, गेली काही वर्षं बंदच आहे, हे सांगितल्यावर दाजी अर्धा दिवस ग्रुपवर गप्प होते. बहिणीची यादी सिद्धिविनायक, महालक्ष्मी, मुंबादेवी आणि शेवटी 'दादरला जरा साड्या'. त्या 'जरा'ला मी चार तास धरले. थोरलीच्या यादीत मन्नत, काळा घोडा, कुलाबा कॉजवे, मरीन ड्राइव्हचा सूर्यास्त आणि १९०४ पासून चालू असलेलं कयानीचं इराणी हॉटेल. इराण्याकडे तिला काही खायचं नव्हतं, तिथल्या टेबलांवरचं कापड तिच्या फोटोत हवं होतं. म्हातारीच्या बुटाबद्दल तिनं विचारलं, "पप्पा, बूट बघायला मुंबईला जायचं?" दाजी म्हणाले, "मग सँडल बघायला कुलाब्याला कशाला जायचं?" यावर ग्रुपवर कुणीच काही लिहिलं नाही. धाकट्याच्या यादीत फक्त तीन गोष्टी होत्या. वानखेडे, जमिनीखालची मेट्रो आणि बीकेसीतलं ॲपलचं दुकान.

"दुकान?" दाजींनी विचारलं.

"पप्पा, टिम कुक स्वतः आला होता उघडायला." हे खरं आहे, २०२३ च्या एप्रिलमध्ये तो आला होता. दाजींना टिम कुक हा कुठला फिरकी गोलंदाज वाटला, पण त्यांनी ते कुणाला कळू दिलं नाही.

चार याद्या एकत्र करून मी तक्ता मांडायला बसलो, तेव्हा कळलं की मुंबई अंतरानं लांब नाही, वारानं लांब आहे. घारापुरीची लेणी सोमवारी बंद. तारांगण सोमवारी बंद. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद, म्हणजे त्यातली कान्हेरीची लेणीही गेली. राणीची बाग बुधवारी बंद. सिद्धिविनायकाला मंगळवारी जायचं तर आदल्या रात्रीच निघालेलं बरं. आणि रविवारी सगळं उघडं असतं, पण तिथं न्यायची ती रेल्वे मेगाब्लॉकवर असते. मुंबई बघायला सगळ्यात चांगला दिवस गुरुवार. गुरुवारी पाहुणे कधीच येत नाहीत.

तरीही तक्ता छान झाला. प्रत्येक ठिकाणासमोर वेळ, पुढच्या ठिकाणापर्यंतचं अंतर, खाण्याची सोय, स्वच्छतागृह. मरीन ड्राइव्हला मी वीस मिनिटं दिली होती. समुद्र बघायला वीस मिनिटं पुरतात, तो काही ठिकठिकाणी वेगळा नसतो. ते सगळं बघून आमची ही म्हणाली, "यात मुलं उठणार कधी, ते कुठंय?"

मी लिहिलं होतं, सहा. वयात येणाऱ्या मुलांचं झोपेचं घड्याळ खरोखरच पुढे सरकतं, मेलाटोनिन नावाचं द्रव्य त्यांच्या अंगात रात्री उशिरा पाझरायला लागतं, असं डॉक्टर सांगतात. म्हणजे सकाळी सहाला त्यांना उठवणं हे आपल्याला पहाटे चारला उठवण्यासारखं आहे. ही माहिती मी ज्या लेखात वाचली तो लेख थोरलीनंच मला पाठवला होता. रात्री दीड वाजता.

शनिवारी महालक्ष्मी वेळेवर आली. मुलं डोंबिवलीत घरी येऊन 'पाच मिनिटं' आडवी झाली आणि साडेदहापर्यंत तशीच राहिली. घरात न्हाणीघर एक. थोरली आत गेली की पंचेचाळीस मिनिटं, आणि बाहेर आल्यावर ती जशी आत गेली होती तशीच दिसते. सव्वाआठची फास्ट धरायची होती, आम्ही अकरा वाजता स्टेशनवर. तक्त्यातलं घारापुरी तिथंच गेलं, म्हणजे बोटीत बसायच्या आधीच बुडलं. मला खरं तर हळहळ वाटली. सहाव्या शतकातली लेणी, वीस फुटी त्रिमूर्ती, बंदरापासून तासाभराची बोट, वर चढायला सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. थोरलीनं पायऱ्यांचा आकडा ऐकला आणि म्हणाली, "मामा, नेक्स्ट टाइम." धाकट्यानं सोमवारचं विचारलं. मी सांगितलं, सोमवारी लेणी बंद असतात. "हजार-दीड हजार वर्षं उभी आहेत आणि सोमवारी सुट्टी?" त्यानं विचारलं. मला उत्तर आलं नाही.

लोकलमध्ये मात्र धाकटा रंगला. मुंबईच्या सगळ्या स्थळांमध्ये लोकल हे एकच स्थळ असं आहे की ज्याला मामानं माहिती द्यायची गरज पडत नाही. कुर्ला येईपर्यंत त्याच्या फोनमध्ये एम-इंडिकेटर होतं, भायखळ्याला तो मला सांगत होता की परतीला कुठली गाडी किती नंबरवर लागेल. पंचवीस वर्षं या गाडीत घासतोय मी. "मामा, तुम्ही चुकीच्या डब्यात चढता," तो म्हणाला, "पुढचा डबा घेतला की बाहेर पडायचं दार समोरच येतं." माझ्या शेजारी उभे असलेले दोन अनोळखी गृहस्थ कौतुकानं मान हलवत होते. त्यांच्या तोंडून 'बरोबर आहे' निघालं तेव्हा मी खिडकीबाहेर मशीद बंदर बघत होतो.

सीएसएमटीला उतरल्यावर मी इतिहासाला हात घातला. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स, १८७८ ते १८८८, दहा वर्षं बांधकाम, २००४ पासून जागतिक वारसा. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ, सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. घुमटावर 'प्रगती' नावाची बाई हातात मशाल घेऊन उभी. थोरलीनं मान वर केली, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "अरे, इथंच तर स्लमडॉगचा तो डान्स आहे ना?" त्यानंतर फलाटावर डान्स नेमका कुठं झाला असेल यावर भावंडांची जी चर्चा झाली, तेवढा वेळ मी माझ्या पूर्ण नोकरीत त्या इमारतीकडे बघितलेलं नाही. दाजी कोपऱ्यात उभे राहून नक्षीतली माकडं, मोर आणि चेहरे मोजत होते. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं.

म्युझियम आणि गेटवे या दोन ठिकाणी मी एक गोष्ट राखून ठेवली होती, कारण मुंबई बघायला येणाऱ्या कुठल्याही माणसाला तिनं धीर येतो. पंचम जॉर्ज हे युवराज असताना १९०५ साली मुंबईत आले आणि त्यांच्या नावानं होणाऱ्या म्युझियमची कोनशिला बसवून गेले. म्युझियम लोकांसाठी उघडलं १९२२ साली. मधल्या काळात ते राजा झाले आणि १९११ च्या डिसेंबरात पुन्हा आले, तेव्हा अपोलो बंदरावर त्यांच्या स्वागताला जे दार हवं होतं, ते नव्हतं. गेटवेची कोनशिला १९१३ ची, दार उघडलं १९२४ च्या डिसेंबरात. म्हणजे सूर्य न मावळणाऱ्या साम्राज्याचा धनी मुंबई बघायला दोनदा आला आणि दोन्ही वेळा बघायची वस्तूच तयार नव्हती. त्यांच्या दिमतीला व्हाइसरॉय होता. आणि १९११ साली त्यांची सतरा, पंधरा आणि चौदा वर्षांची तीन मुलं होती, तीही त्यांनी इंग्लंडातच ठेवली होती. असं असूनही ही गत. मग डोंबिवलीचा एक कारकून काय करणार?

ही गोष्ट मी अगदी रंगवून सांगितली. शेवटी धाकट्यानं विचारलं, "मग त्या गेटमधून पहिल्यांदा आलं कोण?" ते मला सांगता येईना, पण शेवटी गेलं कोण ते माहीत होतं. १९४८ च्या २८ फेब्रुवारीला इंग्रजांची शेवटची पलटण, सॉमरसेट लाइट इन्फन्ट्री, त्याच कमानीतून गेली. "म्हणजे हे एक्झिट गेट आहे," तो म्हणाला, आणि पुढे गेला.

बाकी मुंबईची खरी पंचाईत अशी की इथं बरंच काही बाहेरूनच बघायचं असतं. ताज बाहेरून. वानखेडे बाहेरून; धाकट्यानं फाटकाच्या सळ्यांतून हिरवळीची एक पट्टी बघितली आणि २०११ च्या दोन एप्रिलला धोनीनं मारलेला षटकार कुठल्या बाजूला गेला असेल, हे त्या पट्टीवरून सिद्ध करून दाखवलं. रिझर्व्ह बँक बाहेरून, शेअर बाजार बाहेरून. अंबानींचं सत्तावीस मजल्यांचं घर टॅक्सीतून, मान वाकडी करून, आणि टॅक्सीवाला दरवेळी सांगणार की वर तीन हेलिपॅड आहेत. ही सगळी ठिकाणं दाखवताना मी वळून मुलांकडे बघत होतो, तर त्यांच्या कानांत ती पांढरी बोंडं. तीही बाहेरूनच बघायची.

संध्याकाळी सीएसएमटीवरून डबलडेकर मिळाली. दाजींचा चेहरा उजळला. वर, पुढची खिडकी, तोंडावर वारा, हे त्यांच्या सहलीतलं सर्वोच्च सुख होतं. पण जुन्या डिझेलच्या डबलडेकर २०२३ च्या सप्टेंबरात रस्त्यावरून गेल्या. आता विजेच्या, थंडगार, काचा बंद. दाजींनी पुढची जागा पटकावली, काचेवर हात ठेवला, जरा वेळ थांबले आणि म्हणाले, "गार आहे." पुढं नरिमन पॉइंटपर्यंत ते काही बोलले नाहीत.

मरीन ड्राइव्हला वीस मिनिटं होती. थोरलीला सूर्यास्ताचा टाइमलॅप्स हवा होता, तिचा फोन चार टक्क्यांवर, धाकट्याचा मेलेला. तेव्हा माझा फोन घेऊन कठड्यावर पाण्याच्या बाटलीला टेकवला गेला. टाइमलॅप्स चालू असताना फोनला हात लावायचा नसतो. आता तक्ता त्या फोनमध्ये. पुढचं ठिकाण, गाडीची वेळ, जेवायची जागा, सगळं त्या फोनमध्ये, आणि फोन सूर्याकडे बघत बसलेला. आम्ही सहा जण त्याच्या मागं ओळीनं बसलो. भेळ आली, मग कणीस आलं, मग पुन्हा भेळ आली. सूर्य गेला तरी थोरली म्हणाली, "थांबा, खरा रंग आत्ता येतो." दाजींनी समोरच्या गोलाकार बाल्कन्यांच्या इमारती दाखवून विचारलं, ह्या कधीच्या? तेवढं मला माहीत होतं, कारण या आर्ट डेको इमारती आणि पलीकडच्या ओव्हल मैदानाच्या बाजूच्या गॉथिक इमारती मिळून २०१८ साली जागतिक वारशात गेल्या आहेत. "इथं भाडं किती असेल?" बहिणीनं विचारलं. सांगलीच्या माणसाला समुद्राचं कौतुक असतंच, पण भाड्याचं अधिक असतं. घरी पोचायला अकरा वाजले. टाइमलॅप्स नऊ सेकंदांचा झाला.

रविवारची हकीकत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. मुलं उठली तेव्हा मेगाब्लॉक सुरू झाला होता. मन्नतसमोर आम्ही बंद फाटकाकडे बघत उभ्या असलेल्या गर्दीकडे बघत उभे राहिलो. बहीण म्हणाली, "सिद्धिविनायकाला पण एवढी लाइन नव्हती." दादरच्या एका जुन्या हॉटेलात दाजींनी मिसळ मागवली, पहिला घास घेतला, पोऱ्याला बोलावलं आणि अतिशय नम्रपणे विचारलं, "कट नंतर देता का?" सांगली-कोल्हापूरच्या माणसाला मुंबईची मिसळ खायला घालू नये, हा नियम कुठल्याच मार्गदर्शिकेत लिहिलेला नाही. धाकट्यानं फलाटावर वडापाव खाल्ला, आणखी एक खाल्ला, आणि हॉटेलात फक्त ताक प्यायला.

बीकेसीतल्या दुकानात मात्र धाकटा दीड तास होता. तिथं प्रत्येक वस्तू टेबलावर मांडलेली, हात लावा, चालवून बघा, कुणी काही म्हणत नाही. मुंबईत आतून बघायला मिळालेली ही पहिली जागा, हे मला मान्य करावं लागलं. दाजींनी एका फोनची किंमत वाचली, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली. मग ते बाहेर जाऊन बाकावर बसले.

सोमवारी राणीची बाग उघडी असते. दाजींनी हे आठवड्याभरापासून मनात धरलेलं असणार, कारण सकाळी सातला ते कपडे करून तयार होते. मुलांनी तोंडं वाकडी केली. प्राणीसंग्रहालय हे लहान मुलांसाठी असतं आणि आपण लहान मुलं नाही, हे दोघांनी आपापल्या परीनं सांगून बघितलं. ऑक्टोबरचं ऊन असं की भायखळ्याच्या पुलावरच शर्ट पाठीला चिकटला. हत्ती कुठंय, हे विचारत दाजी पुढं, आणि आम्ही सावली बघत मागं. मग पेंग्विनची इमारत आली.

हंबोल्ट पेंग्विन दक्षिण अमेरिकेतल्या पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. २०१६ साली ते सोलहून मुंबईत आले, आणि त्यांच्यावर वर्तमानपत्रांत जेवढी शाई खर्च झाली तेवढी एखाद्या आमदारावरही होत नाही. त्यांना गारवा लागतो. त्यामुळे त्यांच्या इमारतीत गारवा असतो. काचेसमोर उभं राहिल्यावर थोरलीनं एकदम खाली बसकण मारली. एक पेंग्विन पाण्यात सूर मारून काचेपर्यंत यायचा, वळायचा, पुन्हा यायचा. बाकीचे खडकावर उभे होते आणि कुठंही जायची त्यांना घाई नव्हती. "हे बेस्ट आहे," थोरली म्हणाली. म्हणजे पेंग्विन की एसी, हे मी विचारलं नाही. मामानं काही प्रश्न विचारायचे नसतात. शेवटी सुरक्षारक्षकानं 'पुढं चला, पुढं चला' म्हणत आम्हाला हलवलं. दाजी माझ्या कानाशी म्हणाले, "बघा. राणीची बाग." इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं प्रसन्न बघितलेलं नाही, लग्नातसुद्धा नाही.

मुंबादेवी राहिली. कयानी राहिलं. कॉजवे राहिला आणि त्याबद्दल थोरली सांगलीत पोचेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. जमिनीखालची मेट्रो राहिली. आरेपासून कफ परेडपर्यंत तेहेतीस किलोमीटर ती सगळी पूर्ण झालेली, फक्त आम्हीच तिच्यात बसलो नाही. दादरच्या 'जरा' साड्या तेवढ्या पूर्ण चार तास झाल्या. माझ्या पूर्ण तक्त्यातला बरोबर आलेला आकडा तो एकच.

गेल्या आठवड्यात धाकट्यानं मला एक तक्ता पाठवला. नाताळात आम्ही सांगलीला दोन दिवस जाणार आहोत, त्याचं नियोजन त्यानं केलं आहे. गणपती मंदिर, हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम, मिरजेत तंबोरे करणाऱ्यांची गल्ली, हळदीचा बाजार, येताना भडंग. प्रत्येक ठिकाणासमोर वेळ, अंतर आणि चार्जिंगची सोय. 'मामाला आवडेल' असा एक वेगळा रकाना, त्यात सगळीकडे होकाराची खूण. आणि पहिल्या दिवशी सकाळी साडेसहाला हरिपूर.

मी फोन केला. म्हटलं, "अरे, साडेसहाला हरिपूर? सुट्टीत आलेली माणसं एवढ्या लवकर कशी उठतील?"

"मामा, वयस्कर माणसं आपोआप लवकर उठतात की. त्यातच लिहिलंय, त्या झोपेच्या लेखात. आणि आम्ही नाही येणार तेव्हा, पप्पा येतील."